नांगराची मूठ आणि मोडीचा कागद

स्पर्धा परीक्षेच्या गाईडात हंटर आयोगाला दोन ओळी मिळतात. साल 1882, महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करावे अशी मागणी केली. एक गुण. मूळ निवेदन उघडून पाहिले की या दोन ओळींतली अर्धी ओळ तिथेच गळून पडते. सक्तीची मागणी त्यात आहे. मोफताची नाही. उलट फी किती असावी याचे प्रमाणच जोतीरावांनी बांधून दिले आहे: लोकल फंडाची पट्टी भरणाऱ्याच्या पोराला एक पट, न भरणाऱ्याच्या पोराला दोन पट. ज्याच्या खिशातून शाळेचे पैसे आधीच गेले आहेत त्याच्याकडून पुन्हा तेवढेच घ्यायचे नाहीत, हा सरळ हिशोबी न्याय. मागणी ऐकू येते घोषणेची आणि वाचायला मिळते खतावणी, असा अनुभव या निवेदनात पानोपानी येतो, आणि त्याची गोडीही तिथेच आहे.

निवेदनाखाली तारीख 19 ऑक्टोबर 1882, ठिकाण पुणे. सहीखाली जोतीराव स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी देतात. मुलींच्या शाळा काढणारा, ‘गुलामगिरी’ लिहिणारा, सत्यशोधक समाज स्थापणारा माणूस सही करताना यातले काहीच लावत नाही. बांधकामाची कंत्राटे घेणारा, मांजरीला शेती करणारा, 1876 पासून पुणे नगरपालिकेत बसणारा गृहस्थ म्हणून तो सरकारपुढे उभा राहतो. ही ओळख बेतून निवडलेली आहे. समोरचा आयोग शिक्षणखात्याचा, साक्षी द्यायला येणारे बहुतेक जण प्राध्यापक, मुख्याध्यापक, मिशनरी, अधिकारी. त्यांच्यात हा एक जण कर भरणाऱ्याच्या बाजूने बोलणार, हे सहीतच सांगून टाकले आहे.

लॉर्ड रिपन यांनी 3 फेब्रुवारी 1882 रोजी नेमलेल्या या आयोगाचे अध्यक्ष विल्यम विल्सन हंटर. 1854 च्या वुडच्या खलित्यात जे ठरले होते त्याचे पुढे काय झाले, विशेषतः प्राथमिक शिक्षणाचे काय झाले, हे पाहणे त्यांचे काम. जोतीरावांचे निवेदन इंग्रजीत आहे. अर्जाला शोभणारी नम्रता त्यात जागोजागी आहे; विनंती करतो, निवेदन करू इच्छितो, अशी वळणे सारखी येतात. पण ही नम्रता फार वरवरची आहे. वाक्य विनंतीने सुरू होते आणि आकड्याने संपते, आणि तो आकडा खात्याला झोंबणारा असतो.

सुरुवात त्यांनी स्वतःच्या अनुभवाने केली आहे. पुणे आणि आसपासची गावे एवढ्यापुरताच आपला अनुभव, असे आधीच सांगून टाकतात. सनांच्या बाबतीत मात्र हात सैल आहे. साधारण पंचवीस वर्षांपूर्वी अशी मोघम भाषा वापरतात, तेव्हा भिडे वाड्यातल्या 1848 च्या शाळेला चौतीस वर्षे झालेली असतात. मुलींची शाळा काढली, त्यात मी आणि माझी पत्नी यांनी मिळून कित्येक वर्षे काम केले, असे ते लिहितात. सरकारी आयोगाला लिहिलेल्या त्या काळच्या कागदात नवरा आपल्या बायकोचा सहकारी म्हणून असा सहज उल्लेख करतो, आणि त्यावर एक शब्दही जास्त बोलत नाही. मग महार-मांगांच्या मुलांची शाळा. मग एक फार सूचक वाक्य: काही परिस्थितीमुळे, जिचा तपशील इथे देण्याची गरज नाही, मी त्या कामातून बाजूला झालो. शाळांच्या मंडळातले मतभेद, घरातून निघावे लागणे, गावाचा रोष, सगळे त्या एका ‘गरज नाही’मध्ये झाकून टाकले आहे. तक्रार करायला इतकी उत्तम जागा मिळूनही माणूस ती सोडतो, तेव्हा पुढच्या पानांवर तो ज्या तक्रारी करतो त्यांचे वजन आपोआप वाढते.

याच भागात शालजोडीचा उल्लेख आहे. एज्युकेशन बोर्डाचे अध्यक्ष सर एर्स्किन पेरी आणि सरकारचे सेक्रेटरी यांनी मुलींच्या शाळा पाहिल्या, त्यांना समाधान वाटले, शालजोडी दिली. वाचणाऱ्याला वाटते, चला, प्रशस्तिपत्र जोडले. पण पेरी कोण हे माहीत असले की गंमत कळते. मुंबई इलाख्यात वरच्या वर्गातल्या थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिकवा, ते ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या धोरणाचे सर्वांत जोरदार पुरस्कर्ते हेच पेरी; मराठीतून शिकवण्याचा आग्रह धरणाऱ्या कर्नल जर्व्हिस यांच्याशी त्यांचा झालेला वाद प्रसिद्धच आहे. जोतीराव आधी पेरींनी केलेला सन्मान नोंदवतात आणि लगेच पुढे त्याच झिरप सिद्धान्ताची साल काढतात. पेरींचे नाव तिथे पुन्हा घेत नाहीत. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचणाऱ्यावर सोडून देतात.

हा सालकाढू भाग खरे तर नवा नाही. 1873 च्या ‘गुलामगिरी’ला जोडलेल्या इंग्रजी प्रस्तावनेतला मजकूर त्यांनी इथे उचलून घातला आहे. निवेदनाचा आवाज इथेच सर्वांत चढतो: सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा रयतेच्या घामातून येतो, वरच्या वर्गाचा त्यातला वाटा नगण्य, आणि त्या पैशातून शिक्षण मात्र वरच्यांचेच होते, वरच्यांना शिकवले म्हणजे खालच्यांची उन्नती होते याला पुरावा काय, असा थेट सवाल. तर्क बिनतोड आहे. तरी रसिकाच्या कानाला इथे जोड जाणवतो. नऊ वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचा सूर वक्त्याचा, आजच्या निवेदनाचा सूर हिशोबनिसाचा. दोन्ही एका कागदावर आले की शिवण दिसते. मला स्वतःला हा उतारा निवेदनाचा सर्वांत कच्चा भाग वाटतो. उद्धृत मात्र तोच जास्त होतो.

उतारा संपला की आवाज खाली येतो आणि कागद एकदम जिवंत होतो. इलाख्यातल्या जवळजवळ नऊ-दशांश गावांत, म्हणजे सुमारे दहा लाख मुलांसाठी, शाळेची कसलीच सोय नाही. शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी म्हणून पट्टी घेतली जाते आणि ती त्या कामी लागत नाही. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा अशी ही लोकल फंडाची पट्टी. तिचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळायचा. जोतीराव निम्मा मागतात, आणि तोही फक्त प्राथमिक शिक्षणासाठी. मागणी भावनेला हात घालत नाही; कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात किती वळवायचे, एवढेच सांगते.

गरिबाचे पोर शाळेत का येत नाही, या प्रश्नावर त्या काळी सरकारी उत्तर ठरलेले होते: अडाणी लोक, त्यांना शिक्षणाची किंमत नाही. जोतीराव पोराचा दिवस सांगतात. गुरे राखायची असतात, शेतावर नजर ठेवायची असते, चार पैशांचे काम मिळाले की शाळा सुटते, कारण शाळेत टिकून राहण्यासारखे त्याला काही मिळत नाही. म्हणून शिष्यवृत्त्या द्या, सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्या, गोडी आधी लावा. आणि याच ओघात, परिच्छेदाच्या मध्यावर, जाता जाता म्हटल्यासारखे ते वाक्य येते: निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मला वाटते. गाईडातली ती मोठी मागणी मूळ कागदात एवढीशी आहे. पण तिच्या आजूबाजूला काय आहे ते पाहा. मागे गुरे राखणारे पोर, पुढे शाळेच्या दारातून परत पाठवलेली महार-मांगांची मुले. सक्ती पालकावर करायची की शाळेवर, हा प्रश्न त्या जागेमुळेच उभा राहतो. पुण्यात त्या जातींची वस्ती पाच हजारांवर आणि शाळा एकच, तिच्यातही तीसपेक्षा कमी मुले, हे शिक्षणखात्याला भूषणावह नाही, अशी मोजकी चपराक ते देतात. राणीच्या जाहीरनाम्याची आठवण करून देऊन वेगळ्या शाळा मागतात. जातीच्या सोवळ्यामुळे इतर शाळांत त्यांना बसूच देत नाहीत, म्हणून वेगळ्या. आदर्शाला मुरड घालणारी ही मागणी करताना त्यांनी कसलाही मुलामा दिलेला नाही.

आता निवेदनाचा गाभा. प्राथमिक शाळेतला शिक्षक कोण असावा आणि अभ्यासक्रमात काय असावे, हे दोन छोटे परिच्छेद एकापाठोपाठ एक येतात. अभ्यासक्रमावर लिहिणारे आपण लोक या दोन गोष्टी वेगवेगळ्या समित्यांकडे देतो. जोतीरावांच्या मजकुरात त्या एकमेकींशिवाय वाचताच येत नाहीत.

अभ्यासक्रमाची यादी अशी: वाचन; मोडी आणि बाळबोध लेखन; हिशोब; इतिहास, भूगोल, व्याकरण यांची तोंडओळख; शेतीचे प्राथमिक ज्ञान; नीती आणि आरोग्य यांवर थोडे धडे. पहिल्या नजरेला यात विशेष काही वाटत नाही. पण मोडीवर बोट ठेवा. छापील पुस्तके, क्रमिके, पोथ्या बाळबोधीत. मोडीत काय असे? सावकाराची वही, गहाणखत, खरेदीखत, कुळाची बाकी, कुलकर्ण्याचे दप्तर. शेतकऱ्याचा अंगठा जिथे उठतो तो प्रत्येक कागद मोडीत. बाळबोध शिकलेल्या पोराला क्रमिक पुस्तक वाचता येईल. मोडी आणि हिशोब शिकलेल्या पोराला बापाच्या नावावर नेमके काय लिहिले आहे ते वाचता येईल.

ही ओढून ताणून काढलेली संगती नाही, हे शिक्षकाच्या परिच्छेदावरून कळते. गावच्या शिक्षकाला आणखी कोणती कामे द्यावीत हे जोतीराव सांगतात: गावच्या हिशोबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री. एकेक काम घेऊन बघा. ज्या कागदाने रयत बुडते तो कागद जिथून जिथून जातो ती प्रत्येक जागा त्यांनी शिक्षकाला देऊ केली आहे. संदर्भ ताजा होता. पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे मे 1875 मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, दंगे पसरले, चौकशी झाली, आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. शेतकऱ्याचे दस्त गावपातळीवरच्या निबंधकासमोर नोंदवले जावेत अशी तजवीज त्या कायद्यात होती. तीन वर्षांनी जोतीराव शिक्षण आयोगाला सांगतात की ते काम मास्तराला द्या. कुलकर्ण्याचे नाव या परिच्छेदात कुठेही नाही. वर्गात पोर मोडी शिकते, वर्गाबाहेर त्याच पोराचा मास्तर गावचे दप्तर तपासतो. कुलकर्ण्याची मिरास न बोलता दोन्ही बाजूंनी पोखरली जाते. अभ्यासक्रमाच्या तपशिलात राजकारण इतके खोलवर आणि इतके शांतपणे रुजवलेले दुसरे मराठी माणसाचे लिखाण मला आठवत नाही.

अशा शिक्षकाला पगार किती? तेव्हा दहा रुपयांच्या वर क्वचितच. जोतीराव बारा रुपयांचा तळ घालून देतात, मोठ्या गावांत पंधरा किंवा वीस. मुले अधिक उत्तीर्ण करणाऱ्याला वर भत्ता. इथे एक बारकावा आहे. निकालावर अनुदान देण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध आहे. इंग्लंडात 1862 पासून ती चालू होती आणि तिचे इथेही वारे होते. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालाच्या भरवशावर कोणता शिक्षक शाळा काढील आणि पोट कसे भरील, असा त्यांचा सवाल. म्हणजे निकालावर बक्षीस चालेल, निकालावर भाकरी नको. पगारी माणसे बाळगलेल्या कंत्राटदाराला हा फरक सहज कळतो. शिक्षणतज्ज्ञांना तो अजून समजावावा लागतो.

मग ते प्रसिद्ध व्हावे आणि झाले नाही असे चित्र. प्राथमिक शाळेचा शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावा. जो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही. या निवेदनात दृश्य असे काही फारसे नाही, सगळा मामला आकड्यांचा आणि कलमांचा. म्हणून हा एक हात लख्ख दिसतो. त्या वेळचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते, सोवळे सांभाळून दूर बसणारे होते, आणि त्यांच्या हाताखाली पोरे आळशी होऊन नोकरीच्या मागे लागतात, अशी टीका त्याच्या आधीच येऊन गेली आहे. टीका बोचरी आहे. पण तिचे उत्तर त्यांनी नुसती माणसे बदलण्यात शोधले नाही. प्रशिक्षण, पगार, गावातला मान आणि कामाची लाज नसणे, असे चार पायांवर उभे असलेले नवे शिक्षकपण त्यांनी मांडले. प्रशिक्षणातही नेहमीच्या विषयांबरोबर शेती आणि आरोग्य हवे असे सांगायला ते विसरत नाहीत.

इथे चिकित्सक वाचकाने थांबून एक अडचणीचा प्रश्न विचारायला हवा. शाळेत शिकून पोरे वडिलोपार्जित कष्टाचे धंदे टाळतात, अशी तक्रार जोतीरावांची आहे. पोराने बापाचाच धंदा करावा, असे जातिव्यवस्थेचे कट्टर वैरी म्हणतात की काय? हा धोका कल्पनेतला नाही. मद्रास राज्यात 1953 मध्ये राजगोपालाचारींनी शाळेची वेळ अर्धी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली, आणि ती जातीचा धंदा गळ्यात मारणारी आहे म्हणून पेरियार आणि इतरांनी तिच्यावर इतकी झोड उठवली की ती आणि मुख्यमंत्री दोघांनाही जावे लागले. 1937 च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीमवरही हा संशय कधी ना कधी घेतला गेलाच.

जोतीरावांचे निवेदन या आक्षेपातून दोन कारणांनी सुटते, असे माझे मत. एक, वडिलोपार्जित धंद्यांच्या जोडीला ते इतर कष्टाचे, स्वतंत्र धंदे असेही म्हणतात. त्यांना सलते आहे ती दुसऱ्याच्या चाकरीची ओढ. ते स्वतः जातीने फुलमाळी, धंद्याने कंत्राटदार. आणि दोन, जे मला जास्त मोलाचे वाटते: नांगराची मूठ त्यांनी आधी मास्तराच्या हातात दिली आहे. मद्रासच्या योजनेत पोर अर्धा दिवस घरच्या धंद्याला लागणार होते आणि मास्तर खुर्चीतच राहणार होता. इथे शिकवणाराच वाकस उचलतो. श्रमाला प्रतिष्ठा द्यायची तर ती वरून सुरू करावी लागते, एवढे व्यवहारज्ञान त्या एका हातात आहे.

शेतीच्या धड्यांना जोडून एक लहानशी नमुन्याची शेती असावी, असेही ते सुचवतात, आणि लगेच अट घालतात: ती खरोखर नीट चालवली तर. अशी अट बांधावर उभा राहिलेला माणूसच घालतो. शाळेची बाग म्हणजे साहेबाच्या भेटीआधी दोन दिवस पाणी घातलेली चार रोपे, हे त्यांना तेव्हाही माहीत असावे.

साहेबाच्या भेटीवरूनही त्यांनी लिहिले आहेच. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याने काय होणार? निदान तिमाहीला तपासणी हवी, आणि मधूनच न कळवता यायला हवे. गावकामगार आणि तालुक्याचे अधिकारी यांच्यावर विसंबू नका, त्यांना हजार कामे, त्यांची तपासणी वरवरची. याच सुरात ते नगरपालिकांबद्दल बोलतात, आणि हे विसरू नये की सही म्युनिसिपल कमिशनरची आहे. आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी करावा, त्यासाठी कायद्याने भाग पाडावे. पण शाळांचा कारभार पूर्णपणे त्यांच्या हाती कदापि देऊ नये. स्थानिक मंडळांत पाटील, इनामदार, सरदार अशी न शिकलेली मंडळी बसतात, त्यांच्या हाती शिक्षणाचा पैसा नको. आतून पाहिलेला माणूस बोलतो तेव्हा असे बोलतो. स्थानिक स्वराज्याचे कौतुक रिपनच्या राज्यात शिगेला पोचले होते, त्याच वर्षीचे हे मत आहे.

निवेदनातले सारेच सारखे उतरलेले नाही. गावठी पंतोजींच्या शाळांबद्दल ते फार कडू बोलतात. खात्याच्या अहवालातून 1,049 शाळा आणि 27,694 मुले हा आकडा देतात, म्हणजे शाळेमागे सव्वीस-सत्तावीस मुले. फी दोन ते आठ आणे. पाढे पाठ, थोडी मोडी, चार स्तोत्रे. शिकवणारे कोण, तर इतर कुठे न जमलेले ब्राह्मण समाजातले तळाचे लोक. वर्णन खोटे नसेल, पण ज्या मोडीला त्यांनी अभ्यासक्रमात जागा दिली ती टिकवली होती या गरीब पंतोजींनीच, याची दाद त्यांनी दिलेली नाही. युरोपियन तपासनीसांवरचा भरवसाही आज खटकतो. मुसलमान मुलांना त्यांनी दोन वाक्यांत उरकले आहे. आणि सर्वांत शेवटी, अगदी निरोप घेताना, मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा अधिक उदार हस्ते प्रसार करावा अशी एकच विनंती. ज्याने मुलींच्या शाळेसाठी एवढे सोसले त्याच्याकडून एकच वाक्य! त्याच आयोगापुढे पुण्यात पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. स्त्री शिक्षिकांचे प्रशिक्षण, स्त्री तपासनीस, स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण, असे त्यांनी नेमके मागितले. या एका बाबतीत रमाबाईंची साक्ष वरचढ आहे, हे मान्य करण्यात जोतीरावांना काही कमीपणा येत नाही.

उच्च शिक्षणावरचा भाग मात्र अवश्य वाचावा, कारण तिथे त्यांचे विरोधक आणि भक्त दोघेही चकतात. उच्च शिक्षणावरचा खर्च काढून घ्या असे ते म्हणत नाहीत. सरकारने हात आखडता घेतला तर गोडी लागलेल्या वरच्या वर्गांचे भागेल, मधल्या आणि खालच्या वर्गांवर मात्र दार कायमचे बंद होईल, असे त्यांचे म्हणणे. शिष्यवृत्त्या नुसत्या स्पर्धेवर दिल्या की आधीच पुढे असलेल्यांनाच मिळतात, हेही. आणि एक सूचना तर चकित करते: खाजगी अभ्यास करून मॅट्रिकला बसता येते, तशीच मुभा विद्यापीठाने बी.ए., एम.ए.ला द्यावी, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून लोक पदव्या घेतील. नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले ते 1989 साली.

आयोगाने 1883 मध्ये अहवाल दिला. प्राथमिक शिक्षणाकडे जास्त लक्ष द्यावे असे त्यात होते, सक्ती नव्हती. प्राथमिक शाळा जिल्हा आणि नगर मंडळांकडे सोपवाव्यात ही मुख्य शिफारस, म्हणजे जोतीराव ज्याविरुद्ध बजावत होते तेच. देशी शाळांना उत्तेजन द्यावे, हेही बरेचसे त्यांच्या मताच्या उलट. सक्ती पुढे सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये सबंध बडोदे संस्थानात आणली, शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात. गोखल्यांचे विधेयक कायदेमंडळात पडले. 2009 च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना हक्क मिळाला, तो 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला.

त्याच कायद्याच्या 27 व्या कलमाने शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे म्हटले आहे, आणि शिक्षक संघटना आजही त्यासाठी भांडत असतात. जोतीराव तर मास्तराला टपाल आणि स्टॅम्पविक्रीही देत होते, मग ते संघटनांच्या विरुद्ध बाजूला उभे राहतात का? मला तसे वाटत नाही. त्यांनी सुचवलेल्या प्रत्येक कामाने गावात मास्तराचा शब्द वजनदार होतो. आज त्याच्याकडून भरून घेतल्या जाणाऱ्या माहितीने कोणाचाच शब्द वजनदार होत नाही. वर पाठवायचा तक्ता तेवढा पूर्ण होतो.

निवेदन ‘महात्मा फुले समग्र वाङ्मया’त आहे, आणि लांबीने फार नाही, एका बैठकीत वाचून होते. शिक्षणशास्त्र पदविकेच्या वर्गांत त्याचा सारांश शिकवला जातो. त्याऐवजी ते सबंध वाचायला द्यावे, पगाराचा आणि मोडीचा परिच्छेद न गाळता.